परभाषेच्या मुलुखात बिऱ्हाड

परभाषा शिकावयाची ती ग्रंथांतून, गुरुमुखातून आणि स्वतःच्या घरी बसून शिकावी, की ज्या मुलुखात ती बाजारात, शाळेत आणि शेजारच्या अंगणात बोलली जाते त्या मुलुखात मुलाबाळांसह बिऱ्हाड थाटून शिकावी, हा प्रश्न वरकरणी शिक्षणशास्त्राचा दिसत असला, तरी ज्या घरात तो उभा राहतो त्या घरात तो जमिनीच्या वहिवाटीचा, वृद्ध आईच्या शुश्रूषेचा, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांचा आणि गाठीच्या पुंजीचा प्रश्न होऊन बसतो, आणि म्हणून त्याचा निकाल केवळ तत्त्वाने लागत नाही. मानवतसारख्या कापसाच्या पेठेत, जेथे दिवाळीनंतर बोलण्याचा विषय म्हणजे भाव, वजन आणि सरकी एवढाच असतो, तेथे स्पॅनिश भाषेपायी एक संध्याकाळ दोन माणसांत मोठ्या तळमळीने वाद व्हावा ही गोष्ट मला नोंदवून ठेवण्याजोगी वाटली.

वादातील एक पक्ष मामांचा. पाथरीच्या आणि परभणीच्या न्यायालयांत त्यांनी आयुष्यभर वकिली केली; त्यांचे वडील निजामी अमदानीत अर्जनवीस होते. दुसरा पक्ष त्यांच्या भाचीचा. तिने पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील परकीय भाषा विभागात स्पॅनिशचा अभ्यास केला, लग्नानंतर परभणीस आली, आणि घरूनच संगणकावर ती भाषा शिकवते. स्पॅनिश साहित्य मराठीत येते ते बहुतांशी इंग्रजीच्या हातून. ते मूळ भाषेतून थेट मराठीत आणावे हा तिचा ध्यास. त्यासाठी पतीने बिनपगारी रजा घ्यावी, सहावीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी यांना बरोबर न्यावे, आणि दोन वर्षे मेक्सिकोतील पुएब्ला या शहरी राहावे अशी तजवीज तिने मांडली होती. मागे राहणाऱ्या शेताचे मुखत्यारपत्र मामांनी स्वीकारावे आणि आईकडे लक्ष ठेवावे, एवढी याचना घेऊन ती मानवतला आली होती. मी त्या घरचा जुना स्नेही म्हणून बसलो होतो, आणि दोघांनीही मला साक्षीदार केले.

मामांनी आरंभ सेतु माधवराव पगडींपासून केला. “भाषेसाठी घर मोडावे लागते हे मला मान्य नाही,” ते म्हणाले. “आपल्याच मराठवाड्यातला, निलंग्याचा माणूस पाहा. उर्दू, फारसी, तेलुगू, इंग्रजी यांवर त्यांचे प्रभुत्व. मोगलकाळाच्या फारसी तवारिखा त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिल्या. उर्दू काव्याचा परिचय महाराष्ट्राला करून दिला. त्यासाठी ते इराणात जाऊन राहिले का? सरकारी नोकरी सांभाळून, रात्री दिव्याखाली बसून त्यांनी हे सारे साधले. तुला तर आज घरबसल्या मेक्सिकोची वर्तमानपत्रे वाचता येतात, तिकडची व्याख्याने ऐकता येतात. पगडींना जे लाभले नाही ते तुला लाभले आहे. मग कमी काय पडते?”

“मामा, तुम्ही पगडींचे नाव काढलेत हे बरे झाले, कारण मीही तेच काढणार होते,” भाची म्हणाली. “आदिलाबादकडे नोकरीला असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा आत्मसात केल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. त्या भाषांचे ग्रंथालय कोठे होते? त्या शिकायच्या तर गोंडांच्या आणि कोलामांच्या गावांत हिंडणे, त्यांच्यात बसणे याखेरीज मार्ग नव्हता. त्याच आदिलाबादच्या डोंगरात मारलवाई गावी फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आपल्या पत्नी बेटी यांच्यासह बिऱ्हाड करून राहिले, आणि 1943 साली तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. नवराबायको दोघेही तेथे रमले म्हणूनच गावाने त्यांना आपले मानले. आणि पगडींची उर्दू-फारसी तरी नुसत्या पुस्तकांतून आली असेल असे मला वाटत नाही. हैदराबादच्या दफ्तरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी चालत होती, पुढे तिची जागा उर्दूने घेतली, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. म्हणजे त्या पिढीतला मराठी मुलगा घराचा उंबरठा ओलांडला की परभाषेच्या मुलुखात पाऊल ठेवीत होता. तुमच्या वडिलांना परदेशी जावे लागले नाही, कारण परभाषा आपण होऊन मानवतला येऊन राहिली होती.”

हे उत्तर मामांच्या वर्मी लागले असावे, कारण ते उठून आत गेले आणि एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात वडिलांच्या हातचे दस्तऐवज होते : खरेदीखते, कबुलायती, कुणाच्या तरी वाटणीची कैफियत. कागद पिवळे पडून घड्यांवर फाटू लागले होते, वरच्या बाजूस निजाम सरकारचा मुद्रांक होता, आणि खाली शिकस्ता वळणातील ओळी, ज्यांत नुक्ते गाळलेले, अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या डोक्यावर चढलेला. “हे माझ्या वडिलांचे अक्षर,” मामा म्हणाले, “आणि यातली एक ओळ मला वाचता येत नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान खालसा झाले, आमच्या शाळा मराठी झाल्या, आणि ते योग्यच झाले. आपल्या मुलुखात आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून माणसांनी तुरुंगवास भोगला होता. पण वडिलांना जी भाषा श्वासासारखी होती ती मुलाच्या पिढीत समूळ गेली. शेताच्या सीमेचा तंटा निघाला तेव्हा हा कागद वाचून घ्यायला मला माणूस शोधत परभणीस जावे लागले. तुझी मुलेही तेथे दोन वर्षांत घडाघडा बोलतील, हे मी नाकारीत नाही. पण परत आल्यावर ती कोणाशी बोलतील? येथे त्या भाषेला न शेजार, न शाळा, न बाजार. मुलाची भाषा जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने जाते. दोन वर्षांची पुंजी आणि दोन इयत्तांची घडी मोडून जे मिळवायचे ते टिकणारच नसेल, तर तो व्यवहार मला शहाणपणाचा वाटत नाही.”

मला वाटते, संपूर्ण संभाषणातील सर्वांत वजनदार आक्षेप हाच होता, आणि भाचीनेही तो हलका मानला नाही. मुलांची भाषा न वापरल्यास विरते, हे तिने तत्काळ कबूल केले. इतकेच नव्हे तर तिने मामांच्या हाती आणखी एक शस्त्र दिले : मुलांना खेळण्याबोलण्यापुरती भाषा वर्षा-दोन वर्षांत येते, परंतु इतिहास, विज्ञान, गणित ज्या भाषेत शिकावे लागते ती अभ्यासाची भाषा पक्की होण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे या विषयाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखविले आहे. “तेव्हा दोन वर्षांत माझा मुलगा स्पॅनिशचा पंडित होईल अशी माझी कल्पनाच नाही,” ती म्हणाली. “भाषा टिकवायची जबाबदारी माझी आहे, कारण ती मला कामासाठी हवी आहे, आणि आई ज्या भाषेत रोज टेबलाशी बसून काम करते ती भाषा घरातून समूळ जात नाही. आजोबांची उर्दू तुमच्यापर्यंत आली नाही, कारण 1948 नंतर त्या उर्दूला या घरात काही कामच उरले नाही. काम असते तर ती राहिली असती.”

मामा क्षणभर थांबले. नंतर त्यांनी वेगळ्या बाजूने चढाई केली. “मुलांचे म्हणतेस, तर आपल्या मराठवाड्याला आईबापांबरोबर परमुलुखात जाणारी मुले काही नवीन नाहीत. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उचल घेतलेली असते, म्हातारी माणसे मागे राहतात, मुले बैलगाडीत बसून फडावर जातात, आणि परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या. मी अशा घरांचे खटले चालविले आहेत. मुलाची शाळा मध्येच तुटली की तिची गाठ पुन्हा मारणे किती कठीण असते हे मी पाहिले आहे. तू सुखवस्तू आहेस, विमानाने जाशील, हा भेद मला दिसतो; पण मूल ते मूल.”

भाचीचे उत्तर मी शब्दशः लिहून ठेवण्याचा प्रयत्न केला, कारण ते मला विचार करावयास लावणारे वाटले. “मामा, त्या मुलांचे नुकसान गाव सोडल्याने होत नाही, गाव सोडल्यावर त्यांना दुसरी शाळा मिळत नाही म्हणून होते. सहा महिने फडावर राहून मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, आणि कोणी त्याचे नाव पटावर घेत नाही. माझी मुले तेथल्या सरकारी शाळेत, तेथल्या मुलांबरोबर, एकाच बाकावर बसणार आहेत. पहिले तीन महिने ती मुकी बसतील, रडतीलही. ते मी गृहीत धरले आहे. म्हणूनच मी काळ मोजून निवडला आहे. आपल्याकडे परीक्षा एप्रिलात संपतात, मेक्सिकोतील शाळा ऑगस्टच्या अखेरीस उघडतात आणि जुलैत संपतात. मे महिन्यात निघाले तर शाळेपूर्वी तीन महिने भाषेसाठी मोकळे मिळतात, आणि दुसऱ्या वर्षीच्या जुलैत परतले तर येथील शाळा सुरू होऊन फार तर महिनाभर झालेला असेल. मुलगा तेव्हा नववीत जाईल. आठवीपर्यंत, चौदा वर्षे वयापर्यंत, शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्यापुढे समकक्षतेच्या खटपटी वाढतात.”

येथे मामांतील वकील जागा झाला. “नववीत म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेर,” ते म्हणाले. “तुझे गणित एका वर्षाने चुकले. जायचेच असेल तर यंदा जा आणि सातवी संपताच परत ये, नाहीतर मुलगा दहावी होईपर्यंत थांब. मधल्या मध्ये मुलाला लटकत ठेवू नकोस.” भाचीने हिशेब पुन्हा मांडला आणि मामांचे म्हणणे खरे ठरले : सहावीची परीक्षा होताच निघून, एक पूर्ण शालेय वर्ष तेथे काढून पुढच्या जुलैत परतले तरच आठवीचा प्रवेश निर्वेध होत होता. तेव्हा दोन वर्षांचा मुक्काम पंधरा महिन्यांवर आला, आणि माझ्या मते तो वादाचा एकमेव भाग होता ज्यात एका पक्षाने दुसऱ्याला निःसंशय जिंकले.

मग मेक्सिकोच का, स्पेन का नाही, असा प्रश्न मी मध्येच घातला. भाचीने प्रथम स्पेनचाच विचार केला होता. सालामांकाचे विद्यापीठ 1218 सालचे, आणि परदेशीयांना स्पॅनिश शिकविण्याची तेथे मोठी परंपरा. परंतु स्पेनमध्ये नव्वद दिवसांहून अधिक राहावयाचे तर वेगळा परवाना लागतो आणि तो विद्यार्थी म्हणून एकाला मिळाला तरी कुटुंबाच्या निर्वाहाची रक्कम बँकेत दाखवावी लागते. शिवाय बार्सिलोनासारख्या शहरी गेल्यास शाळा कातालान भाषेतून चालतात, म्हणजे मुलांवर एकाऐवजी दोन नव्या भाषांचा भार. मेक्सिकोत तात्पुरत्या निवासाचा परवाना मिळतो, राहणी तुलनेने स्वस्त आहे, आणि स्पॅनिश मातृभाषा असणारे सर्वाधिक लोक जगात कोठे असतील तर ते मेक्सिकोतच. पुएब्ला निवडण्याचे तिचे कारण ऐकून मात्र मामांच्या चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल दिसले. ते शहर कापडाचे आहे. मेक्सिकोतील यंत्रावर चालणारी पहिली सूतगिरणी 1835 साली एस्तेबान दे आंतुन्यानो यांनी तेथेच काढली. आणि ज्या जातीचा कापूस आज मानवतच्या जिनिंगमध्ये येतो, ज्याला आपले शेतकरी अजून ‘अमेरिकन’ म्हणतात, त्या जातीचे मूळ घर मेक्सिको हेच आहे. आपली गावरानी ती वेगळी, ती या मातीतली. “म्हणजे सरकीचे माहेर पाहायला निघालीस,” मामा म्हणाले, आणि हे त्यांनी ममतेने म्हटले.

परंतु मामांचा खरा विरोध अजून बाहेर यावयाचा होता, आणि तो भाषेच्या न्यायाचा होता. “तू ज्या भाषेपायी चाललीस,” ते म्हणाले, “ती तरी त्या भूमीची कोठे आहे? तलवारीच्या जोरावर आलेल्या लोकांनी ती तेथल्या मूळ रहिवाशांवर लादली. आमच्या वडिलांच्या पिढीने लादलेली भाषा काय असते ते सोसले आहे. दरबाराची भाषा ज्याला येत नाही त्याचा अर्ज दुसऱ्याने लिहायचा, त्याचा अंगठा दुसऱ्याने लावून घ्यायचा. माझ्या वडिलांचा चरितार्थच त्यावर चालला, आणि ते स्वतः म्हणत की रयतेला आपली फिर्याद आपल्या भाषेत मांडता आली असती तर मला दुसरा धंदा पाहावा लागला असता आणि मला त्याचा आनंद झाला असता.”

“पुएब्लाच्या डोंगराळ भागात आजही नाहुआत्ल बोलणारी गावे आहेत,” भाची म्हणाली. “तेथली आई मुलाला शाळेत घालते तेव्हा तिच्या घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असते, जशी तुमच्या वडिलांची होती. 2003 साली मेक्सिकोने कायदा करून आपल्या अडुसष्ट देशी भाषांना राष्ट्रभाषांचा दर्जा दिला. कायदा झाला म्हणून अन्याय मिटला असे मी म्हणत नाही. पण त्याच लादलेल्या स्पॅनिशमध्ये हुआन रुल्फोंनी जालिस्कोच्या उजाड खेड्यांचे दुःख लिहिले, आणि ते वाचताना मला दुष्काळातला आपला मराठवाडा दिसतो. आपल्या औरंगाबादच्या वली आणि सिराज या कवींनी दख्खनी उर्दूला जे दिले ते दरबाराने दिले नाही. भाषा कोणत्या वाटेने आली हे विसरू नये. पण ती आल्यावर तिच्यात सामान्य माणसांनी काय साठविले ते वाचायचे असेल, तर त्या माणसांच्या शेजारी राहिल्यावाचून माझे भाषांतर लंगडे राहील. रुल्फोंच्या कथेतला शेतकरी कोणत्या सुरात बोलतो हे मला शब्दकोश सांगत नाही. बाजारात मिरची विकणाऱ्या बाईने तोच स्वर लावलेला मी ऐकला, तरच त्याला मराठीत परभणीचा स्वर द्यायचा की विदर्भाचा, हे मला ठरविता येईल.”

या ठिकाणी मला माझे स्वतःचे मत सांगितल्याखेरीज राहवत नाही. इंग्रजीच्या द्वारे आलेले परदेशी साहित्य आपण कृतज्ञतेने वाचले, तरी त्यातून एक हानी झाली आहे. रशियन असो की स्पॅनिश, सारे शेतकरी, सारे पाद्री, सारे शिपाई आपल्याकडे एकाच पुस्तकी सुरात बोलू लागले, कारण मधल्या भाषेने त्यांचे कंगोरे आधीच घासून टाकलेले असतात. मूळ भाषेतून भाषांतर करणारे मराठीत थोडे, आणि स्पॅनिशमधून करणारे तर फारच थोडे. त्यांपैकी एकीने पंधरा महिने त्या भाषेच्या शेजारात काढावयाचे ठरविले, तर तिच्या घराने तो भार उचलणे हे मराठीवरचे उपकार आहेत असे मी मानतो.

मामांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मग पांडुरंग खानखोज्यांचे काय झाले ते सांगा.”

वर्ध्याच्या खानखोजे घराण्यातील या पुरुषाची हकिकत मामांना तपशिलाने ठाऊक होती; वीणा गवाणकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. देशाच्या स्वातंत्र्यासाठी तरुणपणी घर सोडलेला हा मनुष्य जपानमार्गे अमेरिकेत गेला, शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत पडला, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढला, बर्लिन आणि मॉस्को पाहून 1924 साली मेक्सिकोत पोहोचला. मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत, ज्या शाळेच्या प्रार्थनागृहाच्या भिंती चित्रकार दिएगो रिव्हेरा त्याच सुमारास रंगवीत होते, खानखोजे प्राध्यापक झाले. शिकवावयाचे ते स्पॅनिशमध्ये. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. 1936 मध्ये बेल्जियन तरुणीशी विवाह झाला. सावित्री आणि माया या मुली तिकडच्याच. इंग्रज सरकारने मायदेशाची वाट अडविली होती. स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात ते कुटुंबासह नागपुरास आले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच वारले.

“एवढा मोठा माणूस,” मामा म्हणाले, “स्पॅनिशमध्ये ज्याने पिढी घडविली, तो परत आला तेव्हा विदर्भात त्याच्या विद्येचे चीज किती झाले? मेक्सिकोने आठवण ठेवली. 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला आणि आपल्या लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचे अनावरण केले. पण पित्याची जीवनकथा मुलीला इंग्रजीत लिहावी लागली. घर एकदा परमुलुखात रुजले की ते पुरते इकडचे राहत नाही. ही माझी भीती आहे. तू पंधरा महिन्यांसाठी म्हणतेस, पण माणूस तिकडे रमतो, नोकरी मिळते, मुले तिकडची होतात. तुझी आई येथे परभणीस एकटी. तिकडे आणि येथे साडेअकरा तासांचे अंतर. तुझी सकाळ ती तिची दिवेलागण. तिने रात्री छातीत दुखते म्हणून फोन लावला तर तुझ्याकडे भर दुपार असेल, आणि तू काय करणार?”

भाची बराच वेळ बोलली नाही. मग ती म्हणाली, “खानखोज्यांना परत येण्याची वाट बंद होती, मामा. माझी वाट उघडी आहे, आणि परतीची तारीख आधीच ठरली आहे. ती तुम्हीच आत्ता ठरविलीत. पण त्यांच्यापासून मी एक गोष्ट घेतली आहे. ते भाषा शिकत बसले नाहीत. त्यांनी त्या भाषेत काम केले. शेतकऱ्याला मका कसा पेरावा हे सांगायला निघाले आणि भाषा त्या कामाबरोबर आली. क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय 1917 मध्ये मेक्सिकोत आले ते परके म्हणून. अडीच वर्षांत ते तेथल्या राजकारणात उतरले आणि 1918 साली भारतावर स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहून मोकळे झाले. नुसते वर्गात बसून हे होत नाही. मी पुएब्लात सकाळी विद्यापीठात जाईन. पण दुपारी मला तेथल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा शाळेत काम हवे. यजमान नोकरीत असले तरी शेतीतले आहेत. त्यांनी तिकडच्या शेतकऱ्यांत जावे. 1966 साली आपल्या देशाने अठरा हजार टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणले, त्यावर हरितक्रांती उभी राहिली. आणि गहू-मक्याचे आंतरराष्ट्रीय संशोधनकेंद्र चापिंगोजवळच, तेस्कोको भागात एल बातान येथे आहे. हे सर्व परभणीच्या शेतकऱ्याने पाहण्याजोगे नाही का? तिकडे बायका चुन्याच्या पाण्यात मका शिजवून मग तो दळतात, त्याने तो अधिक पौष्टिक होतो. आपल्याकडे मका गेला, पण ही कृती गेली नाही.”

मामांनी विचारले, “आणि मराठी? पंधरा महिने मुले मराठी वाचणार नाहीत.”

“वाचतील,” भाची म्हणाली. “रोज रात्री आईला फोन, म्हणजे येथे सकाळ, आणि फोनवर मुलाने तिला मराठी पुस्तकातले एक पान वाचून दाखवायचे. तिची दृष्टी अधू झाली आहे, तिलाही ते हवे आहे.”

हे ऐकून मामांचा विरोध संपला असे नाही. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की, कर्त्या माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी मुलांना उपटून नेऊ नये, आणि एकट्या भाचीने सहा महिने जाऊन यावे हाच मार्ग शहाण्याचा. परंतु एकटी आई सहा महिने परदेशी आणि मुले येथे, याहून सर्वांनी मिळून जाणे त्यांना कमी वाईट वाटले. मुखत्यारपत्र स्वीकारण्याचे त्यांनी कबूल केले ते तीन अटींवर : शेत बटईने द्यावयाचे ते लेखी करारानेच, आईने परभणीचे घर बंद करून या काळात मानवतला राहावे, आणि परतीची तिकिटे जातानाच काढावीत. भाचीने तिन्ही अटी मान्य केल्या.

माझा निर्णय मला विचारला गेला आणि तो मी येथेही देतो. ज्या कुटुंबाला परभाषेत करावयाचे काही काम आहे, त्याने जावे; ज्याला केवळ भाषा आली म्हणवून घ्यावयाचे आहे, त्याने पुण्यात शिकावे आणि पैसा मुलांसाठी राखावा. आणि जाणाऱ्यांनी कागदपत्रांची घाई आधी करावी. नगरपरिषदेचा जन्मदाखला आणि शाळेचे दाखले यांवर परदेशी चालणारी अपोस्टील मोहोर लागते. भारत त्या करारात 2005 पासून आहे, त्यामुळे आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन होते, आणि त्यानंतर अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश तर्जुमा करून घ्यावा लागतो. नावातील एका अक्षराचाही फरक तेथे खपत नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर आणि पारपत्रावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, हे मामांनी त्याच रात्री हेरले. दुरुस्तीचा अर्ज दुसऱ्या दिवशी मानवतच्या नगरपरिषदेत दाखल झाला.